अण्णांनी यंत्र पक्कं बसवलं

लेकीच्या साखरपुड्याच्या दिवशी माझ्या मेव्हण्याने मला पान्याने आवळून मोटारीत जखडलं. त्याचा हेतू अतिशय चांगला होता.

मोटार माझीच. दोन माणसांची, बुटकी, लालभडक स्पोर्ट्स कार. पन्नाशी उलटल्यावर माणसाला काही ना काही होतं, मला ही झाली. (इतरांना मधुमेह होतो.) व्याही मंडळींना आपण अजून तरुण दिसावं, म्हणून के. आर. पुरमच्या घरून येलहंक्याच्या हॉलवर मी हिच्यातूनच जाणार, असं जाहीर केलं. शेजारी बायको वसुधा आणि तिच्या पर्समध्ये जावयाची अंगठी. आमच्या मुक्तासकट बाकी वऱ्हाड मिनीबसने. आम्ही चुकलो तर मुहूर्त चुकणार, एवढंच!

रस्ता दाखवायला फोन पुरला असता. पण साखरपुड्याच्या दिवशी फोनवर नकाशा दिसत नाही, मावश्या दिसतात! "कुठवर आलात?" म्हणून दर मिनिटाला एक. म्हणून वसुधाचे थोरले बंधू अण्णा यांनी उपग्रहावरून रस्ता सांगणारं नवं कोरं यंत्रच अहेर म्हणून आणलं. काचेला चिकटवायला त्याला रबरी वाटी होती. मी चिकटवली. पडली. पुन्हा चिकटवली. पुन्हा पडली, या खेपेला माझ्या पायावर.

"अहो, चिकटेल कशी?" वसुधा म्हणाली. "सकाळीच खोबरेलात कुंकू कालवून काचेवर स्वस्तिक काढलंय मी."

"मग पूस की!"

"आजच्या दिवशी स्वस्तिक पुसू?"

संपला विषय. डॅशबोर्डवर ठेवावं, तर तिथे गणपती. त्याच्या तोंडासमोर यंत्र उभं करायला ती तयार नव्हती आणि गणपतीला मागे बसवावं, तर मोटारीला मागे नव्हतंच!

अण्णांचे डोळे चमकले. सरकारी कारखान्यात त्यांनी जन्मभर अजस्र यंत्रं जमिनीला जखडली होती. ते एक पोलादी गज घेऊनच आले.

"बसा जावईबापू. पोट स्वल्प आत घ्या. अजून स्वल्प."

गज दाराच्या कडेपासून निघाला, माझ्या मांड्यांवरून आडवा गेला, गिअरच्या पलीकडे रुतला आणि तिथून वर येऊन यंत्राला धरून उभा राहिला. अण्णांनी बोल्ट आवळला.

"आता भूकंप झाला तरी हलणार नाही!"

"यंत्र की मी?"

"दोघंही! हॉलवर पोचलात की सोडवतो, सरी? ठीक ना?" एवढं बोलून अण्णा पान्यासकट मिनीबसमध्ये चढले.

निघालो. यंत्रातल्या बाईंचा आवाज मोठा गोड. पण पहिल्याच वळणावर वसुधा म्हणाली, "अहो, हा रस्ता होसकोट्याचा."

"बाईंना वरून सगळं ट्रॅफिक दिसतं, वसू. त्या वळशाने नेतायत."

"येलहंका उत्तरेला आहे. आपण पूर्वेला चाललोय!"

"उपग्रह आहे तो, रिक्षावाला नव्हे. फसवून त्याला काय मिळणार?"

बाई सांगत गेल्या, मी वळत गेलो. ट्रक वाढले, ओळखीचं जग मागे पडलं आणि "आपण मुक्कामी पोचला आहात" असं बाईंनी जाहीर केलं, तेव्हा समोर होसकोट्यातलं मारुतीचं देऊळ होतं.

वसुधाने अण्णांना फोन लावला. "अण्णा, यंत्राने आम्हाला मारुतीपुढे आणून सोडलंय!"

"मग बरोबर आहे की," पलीकडून शांत आवाज. "नवी वस्तू आधी देवाला दाखवतात ना? म्हणून पहिला पत्ता मी मारुतीचा घातला. हॉल दुसरा."

"पण ते खरंच घेऊन आलं इथे!"

"हो का?" अण्णा चकित. "मला वाटलं, नुसतं दाखवायचं. नैवेद्यासारखं!"

एवढ्यात पुजारी आले आणि "खाली उतरा, दर्शन घ्या" म्हणाले. मी उतरायला गेलो. गज हलेना. वसुधाच्या बाजूने सरकावं, तर वाटेत गिअर आणि माझं पोट. पुजाऱ्यांनी कळवळून खिडकीतूनच तीर्थ दिलं. त्यातलं निम्मं मला मिळालं, निम्मं यंत्राला. बाई जरा खाकरल्या आणि कायमच्या मिटल्या.

मग वसुधा रस्ता विचारत आणि मी देवाचं नाव घेत जे सुटलो, ते मुहूर्ताला जेमतेम हॉलच्या दारात! वसुधा अंगठी घेऊन धावली. मी ओरडलो, "अण्णांना पाठव! पाना!"

मुक्ता धावत आली. "बाबा, मामा तर तुम्हाला शोधायला होसकोट्याला गेला!"

भटजी आतून ओरडत होते, "मुलीचे वडील कुठायत? त्यांच्यावाचून वाङ्निश्चय कसा करायचा? वेळ टळतेय!" शेवटी मुलाकडच्यांनीच तोड काढली. चौरंग, कलश, भटजी आणि शंभरेक पाहुणे पार्किंगमध्ये आले. मी खिडकीतून हात काढून व्याह्यांच्या कपाळी गंध लावलं, खिडकीतूनच शब्द दिला. मुहूर्त साधला!

टाळ्या थांबल्यावर मुलाचे आजोबा वाकून मला न्याहाळू लागले. मग वसुधाला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "यांना उठता येत नाही, हे आधी सांगितलं असतंत तरी आम्ही नाही म्हटलं नसतं हो. मुलगी गुणाची आहे."

तेव्हापासून व्याह्यांकडे गेलो की दोन धट्टीकट्टी माणसं मला काखेत धरून जिना चढवतात. सुरुवातीला मी खुलासा करणार होतो. पण त्यांचा जिना फार उंच आहे!