बॅटरी काढलेला भोंगा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आयुष्यभर एकच प्रश्न विचारत आलो – ‘तुम्ही स्वतः पाहिलंत का?’ आता तो मलाच विचारा. पाहिलं नाही, ऐकलं... आणि माझ्याबरोबर निम्म्या गावाने ऐकलं.

टोकावड्याच्या अलीकडे, मुरबाड रस्त्याला लागून आमच्या गावाचं भाताचं गोदाम आहे. त्यावर आगीचा भोंगा बसवला तेव्हा नारळ, फीत, हार, भाषणं सगळं झालं. आग तेवढी नव्हती. पण उन्हाळ्यात आमच्याकडे राब भाजतात – भाताची रोपं टाकायच्या जागेवर पाला, शेण पसरून पेटवतात. तो धूर गोदामात शिरला की भोंगा बोंबलायचा आणि माणसं हातातली कामं टाकून टँकर घेऊन धावायची. कंटाळून ग्रामपंचायतीने ठराव केला: भोंगा तिसऱ्यांदा खोटा वाजला, तर वॉचमनला काढायचं. सरपंचांनी तो वाचला अशा आवाजात, की राज्यघटना त्यांनीच लिहिली असावी.

वॉचमन सखारामदादा, घरात एकटा कमावता. दोनदा भोंगा वाजून झालेला. त्या सकाळी चारी बाजूंनी राब पेटले, तसं त्याने गोदामाचं शटर ओढून कुलूप लावलं, मेन स्विच पाडला आणि भोंग्याची बॅटरीच पिशवीत घालून माझ्याकडे चहाला आला.

“आता कसा बोंबलतो बगू, गुरुजी!”

कप तोंडाला लावतोय तोच भोंगा वाजला.

दादा पांढराफटक. “मी नाय गुरुजी... ही बगा ना बॅटरी!”

आम्ही पोचलो तोवर राखेने माखलेली माणसं टँकरसकट हजर. “दादा, आता आमच्या म्हशी राख!” कोणीतरी ओरडलं. सरपंच म्हणाले, “तिसरी वेळ.” भोंगा थांबेना. दादाने कुलूप काढलं, शटर वर केलं – आणि भोंगा गप्प.

आत आग नाही, धूर नाही. पोत्यांच्या थप्पीमागे मात्र जनाबाई उकाड्याने बेशुद्ध पडलेली. पोती शिवायला सकाळीच येऊन बसली होती. दादाने आत न बघताच शटर ओढलं होतं. डोक्यावर पाणी ओतल्यावर तिने डोळे उघडले. भोंग्याचं बटण बाहेरच्या भिंतीवर आहे, म्हणजे तिने तो वाजवणं शक्यच नव्हतं.

संध्याकाळी पंचायतीत सरपंच म्हणाले, “आग नव्हती. म्हणजे नियमानं खोटाच.”

“खोटा?” जनाबाई म्हणाली. “आन मी मेली असती, ती खरी ना रे?”

दादाच उठला. “शटर मी लावला. काढा मला.”

“बस रे खाली!” जनाबाई म्हणाली. “तुला काढला तं दुसरा येल, तो तरी कुठं आत बगणार हाय?”

माणसं हसली. सरपंचांनी ठरावाची घडी घालून खिशात टाकली. दादा कामावर राहिला.

मुरबाडहून वायरमन बोलावला. तो म्हणाला, “आत करंट राहतो कधीकधी. क्षणभर चिरकतो.” शेतातून टँकर येईपर्यंत वाजत होता म्हटल्यावर त्याने डोकं खाजवलं आणि चहा मागितला.

भुतं मी अजूनही मानत नाही. दुसरं काही स्पष्टीकरणही माझ्याकडे नाही. दादा आता शटर ओढण्याआधी आत हाक मारतो – “कोण हाय का?” त्या वेळी मी रस्त्याने जात असलो तर थांबतो. आतून उत्तर आलं नाही याची खात्री झाली की मगच पुढे निघतो.