आमची सासू आणि पाण्याचा वार

माझी सासू भागूबाई. गारखेड्यात पत्ता शोधत फिरणारं माणूस दिसलं की बाईचा पाय घरात ठरत नाय. निंबाच्या झाडाखाली बसून तिनं उभा जन्म भाजी विकली, त्यामुळं इथल्या गल्ल्या तिला तोंडपाठ. मी वाळूजला कंपनीत पॅकिंगला जाते. दमून घरी यावं, तर ओट्यावर कुणीतरी अनोळखी पाहुणा चहा पीत बसलेला! मी म्हणायची, "आत्याबाई, ही काय धर्मशाळा हाय का?" त्या म्हणायच्या, "कपभर च्या पाजला, तुझं घर नाय दिलं लिहून."

त्या दिवशी मात्र मी बजावूनच गेले होते. आमच्याकडं नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तेही पाऊण तास. दुसऱ्या दिवशी माझ्या लेकीला, कावेरीला, बघायला शहरातल्याच छावणी भागातली माणसं येणार होती. मी नि आमचे हे कामावर, कावेरी कॉलेजात. म्हणून म्हटलं, "आत्याबाई, ड्रम, टाकी, घागरी, सगळं भरा. आज कुणाला पत्ता सांगू नका." त्या म्हणाल्या, "व्हय बाई, व्हय."

संध्याकाळी येऊन बघते तर ड्रम ठणठणीत कोरडे. माझं डोकंच फिरलं.

झालं असं. नळ सुटायच्या वेळेलाच मेहरुन्निसा नावाची एक बाई खेड्यावरून लेकीचं घर शोधत आली. फोन बंद पडलेला. जावई रात्रपाळी करून आला की पडेल तिथं झोपतो, ओली बाळंतीण लेक तापानं फणफणलेली, आणि पत्ता काय, तर 'निंबाच्या झाडासमोर'. आत्याबाई ज्याखाली भाजी विकायच्या तेच हे झाड, पण ते रस्ता रुंद करताना कधीच तोडलं. आता नसलेलं झाड दाखवणार कोण? रिक्षावाल्यानं हात वर केले. आमच्या आत्याबाई पायात चप्पल घालून निघाल्या. घर सापडलं. मग मेहरुन्निसानं लेकीला डॉक्टरकडं नेलं, जावई तिला धरून न्यायला सोबत गेला, आणि ते तान्हं आत्याबाईंच्या मांडीवर. घरी नळाला पाणी येऊन गेलं हे त्यांना तिथं बसल्याबसल्या कळत होतं. त्या बाईला चकार शब्द बोलल्या नाहीत.

मी लई बोलले. "परक्याचं लेकरू सांभाळलं, घरच्या लेकीचं काय?" त्या भाकरी थापत राहिल्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "लेकरू खाली कुठं टाकू?"

टँकर सांगितला, तो काही आला नाही. पिण्यापुरते दोन जार आणले. दुसऱ्या दिवशी पाहुणे दारात, आणि हातपाय धुवायला तांब्या द्यायचा तर तो जारातनं. मुलाची आत्या दगडाबाई लगेच म्हणाली, "अगं बया, विकतचं पाणी पायावर? काल तर तुमचा पाण्याचा वार होता ना?"

मी काहीतरी सांगून वेळ मारून नेणार, तेवढ्यात आत्याबाईंनी सगळं सांगून टाकलं, जसं घडलं तसं. दगडाबाई नाक मुरडून हसली. "कोण कुठली बाई, ना जातीची ना गोताची, आणि तिच्यापायी घर कोरडं ठेवलं? म्हातारीला काही पोच?"

आता बघा, रात्रभर मीच आत्याबाईंना हेच बोलत होते. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. कावेरीचं जमणारं लग्न डोळ्यांपुढं असूनही मी म्हटलं, "व्हय, ठेवलं. आमच्या घरची रीतच हाय ती. आमची पोरगी ह्याच म्हातारीच्या हाताखाली वाढली. उद्या तुमच्या दारात कुणी वाट चुकलेलं आलं तर तीही हेच करंल. चालत असंल तर करा, नाय तर चहा घ्या आणि निघा."

आमच्या ह्यांनी कपाळाला हात लावला. झालं, स्थळ गेलं, मीही मनात म्हटलं. पण खरं सांगते, मला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही. आत्याबाईंकडं बघितलं आणि ऊर भरून आला.

मुलाची आई लक्ष्मीबाई सगळं ऐकत बसली होती. ती उठली, पदर खोचला आणि कोपऱ्यातली रिकामी घागर उचलली.

"शेजारी कुणाकडं पाणी मिळंल?" तिनं मला विचारलं. "चला, दोघी मिळून आणू. भांडी पडलीत, स्वयंपाक व्हायचाय. आता सोयरिक झाली म्हणायची, आपलीच कामं हायेत ही."