विरोध, कारणासकट

बडोद्यातल्या एका रंग-रसायनांच्या कंपनीत मी कंपनी सेक्रेटरी होते. बोर्डाच्या बैठकीत कोपऱ्यात बसायचं आणि संचालक काय बोलतात, काय ठरवतात ते मिनिट्समध्ये उतरवायचं, हे माझं काम.

त्या दुपारी सीएसआरचा, म्हणजे कंपनीच्या समाजकार्याचा विषय सगळ्यात शेवटी होता. कारखान्याच्या पलीकडे, पादरा शहराच्या बाजूला एक गाव आहे. तिथे पिण्याच्या पाण्याचा फिल्टर प्लँट बसवायचा आणि वर कंपनीच्या नावाची पाटी लावायची, असा प्रस्ताव होता. एमडी म्हणाले, "कोणाची हरकत नसेलच."

"माझी आहे," आमच्या स्वतंत्र, म्हणजे कंपनीबाहेरून नेमलेल्या संचालक म्हणाल्या. त्या निवृत्त डॉक्टर, बोर्डावरच्या एकट्याच बाई. "गावच्या बोअरला पिवळं पाणी का येतं ते आधी कळू दे. आपल्या सांडपाण्याची बाहेरच्या लॅबकडून तपासणी करा. दोष आपला निघाला, तर प्लँटला मदत कसं म्हणायचं? ती भरपाई झाली."

एमडी हसले. "मॅडम, पुण्यकामात चौकशी कशाला आणता?"

ठराव मंजूर झाला. उठताना डॉक्टरबाई मला मराठीत म्हणाल्या, "माझा विरोध लिहा हं. कारणासकट."

अर्ध्या तासात एमडींनी मला केबिनमध्ये बोलावलं. माझे वडील आजारी होते तेव्हा याच माणसाने स्वतःची गाडी पाठवली होती. "बेन, ए लाइन काढी नाखो," ते मऊपणे म्हणाले. "विरोध केला, एवढंच लिहा. कारण नको."

"सर, त्यांनी मुद्दाम सांगितलंय."

"त्यांची मुदत संपत आली. तुम्हाला अजून इथेच राहायचंय ना?"

तरसालीला घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "एका वाक्याने गावाचं पाणी गोड होणार आहे का?"

सकाळी ऑफिसात जाऊन मी ते कारण मसुद्यातून खोडलं. वाचून पाहिलं. डॉक्टरबाई उगीच अडून बसल्यासारख्या दिसत होत्या. मला स्वतःचीच लाज वाटली. कारण पुन्हा जसंच्या तसं घातलं आणि विचार बदलायच्या आत मसुदा सगळ्या संचालकांना धाडून दिला.

दोन दिवस कुणाचंच उत्तर नाही. एमडी समोरून गेले, पण त्यांनी मान वर केली नाही. तिसऱ्या दिवशी सगळ्यात वयस्कर संचालकांचा मेल आला. बैठकीत त्यांना डुलकी लागते असं आम्ही समजायचो. त्यांनी लिहिलं होतं: "डॉक्टर हेच बोलल्या. मी ऐकलंय. तपासणी व्हावी."

पुढच्या बैठकीत तपासणीचा ठराव झाला. तपासणीत निघालं की आमच्याच सांडपाण्याचा पाइप एका सांध्यात गळत होता. तो बदलला. गावात प्लँट बसला, पाटी मात्र लागली नाही.

डॉक्टरबाईंची मुदत वाढवली गेली नाही. मला कुणी काढलं नाही; फक्त बैठकीआधी कुणी काही सांगेनासं झालं. वर्षभराने मीच राजीनामा लिहिला. त्यात कारण लिहिलं नाही.