सूनबाईचा भाव

आमच्या शेडमध्ये रंदा चालला की छिलपे पडतात आणि गिऱ्हाईक आलं की किस्से पडतात. छिलपे मी रोज झाडून चुलीत घालते. किस्से झाडता येत नाहीत, म्हणून ते साचलेत.

शेड पांढरकवड्याच्या रस्त्याला लागून आहे. तिथं माझे सासरे, म्हणजे मामाजी, आणि आमचे हे मिळून शंकरपटाचे छकडे बनवतात. बैलांच्या शर्यतीत पळतो तो छकडा. दोन चाकं, एक दांडी आणि हाकणाऱ्या धुरकऱ्याला जेमतेम टेकायला जागा. मोठ्या शहरात शौकीन लोकांची दोन सीटची लाल कार असते ना, तीच ही. फक्त हिचं इंजिन कडबा खातं!

मामाजी बैल पाहिल्याशिवाय छकड्याला हात लावत नाहीत. बैलांची उंची मापतात, चाल बघतात, धुरकऱ्याला पाटावर उकिडवं बसवून त्याचा तोल बघतात. एकदा राळेगावकडचा एक जण नव्याकोऱ्या मोटरसायकलवर आला. "छकडा पाह्यजे, अर्जंट."

"बैल कोठी हायत?"

"घरी."

मामाजींनी टेप खिशात घातला. "पँट शिवाले आला अन् पाय घरी ठेवून आला. जाय, घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी तो टेम्पोत बैल घालून आला. धुरकरी आणायचा राहिला होता, म्हणून परत गेला. तिसऱ्या दिवशी बैल टेम्पोत आणि धुरकरी मोटरसायकलवर असे सगळे आले, आणि मोटरसायकल विसरून टेम्पोतच परत गेले. ती आठ दिवस आमच्याकडे होती.

आता खरं दुखणं सांगते. पटांवर बंदी होती तेव्हा मामाजींनी खाटा आणि चौकटी करून दिवस काढले. पट पुन्हा सुरू झाले तशी गिऱ्हाइकांची रांग लागली, पण भाव तोच जुना, अठरा हजार. सागवान वाढलं, लोखंड वाढलं, मामाजींचा आकडा हलायला तयार नाही. आमच्या ह्यांना नागपुरात ट्रकच्या बॉडी बांधायचं काम मिळत होतं. एक दिवस ते मला म्हणाले, "दिवाळीपर्यंत नवा भाव अन् बेरिंगची चाकं. नाई तं आपण नागपूरले."

बापाला सांगायची हिंमत नाही, म्हणून मला सांगितलं. मला नागपूरला जायचं नव्हतं. मामाजींना त्या शेडमध्ये एकटं टाकून तर नाहीच नाही. म्हणून मीच कंबर कसली.

त्याच सुमारास हैदराबादकडून एक पाहुणे मोठ्या गाडीतून उतरले. तयार छकड्यावरून त्यांनी हात फिरवला, चहूबाजूंनी फोटो काढले आणि भाव विचारला. मामाजींनी अठरा सांगितला.

पाहुण्यांचा चेहरा पडला. "इतका स्वस्त? यात खराबी काय आहे?"

मामाजींना खोटं बोलता येत नाही. ते छकड्याभोवती एक चक्कर मारून आले, नीट विचार केला आणि म्हणाले, "रंग जरा फिका हाय."

पाहुणे विचार करून सांगतो म्हणाले आणि गेले ते गेलेच.

मग मी रंगाचा डबा आणून शेडवर पाटी रंगवली. छकडा, बत्तीस हजार. मामाजींनी पाटी वाचली, अक्षर चांगलं आहे म्हणाले. मला वाटलं, जिंकले. दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाईक आलं, पाटी पाहून दचकलं. मामाजी त्याला म्हणाले, "ते सूनबाईचा भाव हाय. माहा अठरा."

झालं! पंचक्रोशीत छकड्याचे दोन भाव झाले. मी मंगळवारी बाजाराला जाते हे लोकांना कळलं, आणि सगळी गिऱ्हाइकं मंगळवारी यायला लागली. एकाने तर सकाळी फोन करून मलाच विचारलं, "ताई, आज बाजाराले किती वाजता जाता?"

आमच्या ह्यांचा पराक्रम याच्याही वरचा. मामाजी चार दिवस लग्नाला गेले, तेवढ्यात ह्यांनी बेरिंगचा छकडा बांधून काढला. मामाजी आले. ठोकळ्यावर चढवलेल्या छकड्याचं चाक एका बोटानं फिरवलं, चहा मागितला, चहा संपवला, चाक फिरतच होतं. "फिरून राह्यलं अजून," ते हळूच म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत कौतुक होतं, मी पाहिलं.

छकडा अंगणात उतरवून आम्ही खुशीत जेवायला बसलो. आता आमचं अंगण रस्त्याकडे उतरतं. पण मामाजींचा छकडा उभा केला तिथंच उभा राहायचा, म्हणून चाकाखाली गोटा ठेवायची सवयच कोणाला नाही. दांडी टेकायला पुढं चाकं लावलेली लाकडी घोडी असते, तिची चाकंही त्या दिवशी अडवलेली नव्हती. भात कालवतो न कालवतो तोच बाहेर आरडाओरडा झाला. छकडा अंगणातून निघाला, रस्ता ओलांडला आणि समोरच्या चहाच्या टपरीतल्या बाकाला जाऊन टेकला. नशीब, रस्त्यावर तेव्हा ट्रक नव्हता.

मामाजी हात न धुता बाहेर आले. "छकड्यानं बैलाच्या मांगं पळावं. हा तं बैलाबिगरच निंगाला. आता बैलाइनं काय करावं?"

त्यानंतर बेरिंगचं नाव काढायची सोय राहिली नाही. दिवाळी आठवड्यावर आली. ह्यांनी माळ्यावरची सुटकेस काढली, मी ती पुसून, नागपूरला लागेल असं मामाजींना ऐकू जाईल इतपत म्हणत, शेडच्या दारात उन्हाला ठेवली. मामाजींनी ती पाहिली आणि रंदा मारत राहिले. मला रडू आलं, आणि रागही आला. लाकडाशी दिवसभर बोलणारा माणूस पोराला 'थांब' एवढं म्हणू शकत नाही?

दुसऱ्या दिवशी मंगळवार. मी बाजाराला निघाले, अर्ध्या वाटेत पर्स विसरल्याचं लक्षात आलं, परत फिरले. शेडसमोर तांड्यावरचे रामजी नाईक मापासाठी बैल घेऊन उभे. मामाजींचे जुने दोस्त. त्यांचा आवाज ऐकून मी टिनाच्या आडोशाला थांबले.

"सूनबाई बाजाराले गेली नं?" नाईक म्हणाले. "मंग लाव आपला भाव."

"बत्तीस."

नाईक हसले. मामाजी हसले नाहीत.

"काहून गा? चाक तेच, दांडी तेच. चौदा हजार कायचे?"

"नागपूरचं भाडं हाय."

"छकडा नागपूरले पाठवून राह्यला का?"

"नाई. कोनी जाऊ नये, त्याचं भाडं."

नाईकांनी चाकाला हात लावून पाहिला. मग म्हणाले, "बेरिंग टाकून भेटन का?"

"ते पोराले विचार. तो हाय इथंच. चाकाखाली गोटा ठेवजो फक्त."

"बरं," नाईक कासरा आवरत म्हणाले. "मंग हे सुटकेस आत ने पहिले. बैल बुजून राह्यले."

मामाजींनी रंदा खाली ठेवला, सुटकेस उचलली आणि घरात घेऊन गेले.