काहिलीच्या काठाला धरून

देशमुखाच्या थोरल्यानं वल्हं उचललं आन् माझ्या बोटांवर हाणलं. म्या सीनेच्या पाण्यात व्हते, गळ्याइतकी बुडून, काहिलीचा काठ धरून. तो आत बसलेला.

काहील म्हंजे उसाचा रस उकळायची लोखंडी कढई. चार माणसं बसतील एवढी. पावसाळ्यात गुऱ्हाळ बंद, मग गाव तिच्यातच बसून नदी वलांडायचं. अलीकडं निजामाचा मुलूख, पलीकडं इंग्रजाचा. आमी महारवाड्यातल्यांनी मातर आत बसायचं न्हाय. गाव त्यातला गूळ खातं ना! आमी बाहेरून काठ धरायचा आन् पाय मारत जायचं. बाहेरून हात लागला तर चालतं, आत बूड टेकलं की विटाळ. ह्यो कुठला न्याय?

थोरला हैदराबादेहून आलेला, त्याला वल्हवायची हौस. म्हातारा भोई शेजारी बसून शिकवत व्हता. “मालक, नवशिक्यानं पाण्याशी भांडू न्हाय. हात हलका. एकदा इकडं, एकदा तिकडं. नजर पलीकडं. आन् चुकलं की सांगणाऱ्याचं ऐकावं.”

ऐकतोय कशाला! एकाच अंगाला जोर लावला. काहील गरागरा फिरली, तिच्यासंगं म्या बी. नाकातोंडात पाणी गेलं. म्या म्हणलं, “मालक, दुसऱ्या अंगाला मारा.” तवा ते वल्हं बोटांवर बसलं. काठावरचं गाव हसलं. भोई खाली बघत बसला. मला रडू आलं, पण पाण्यात कुणाला दिसतंय?

पंधरा दिसांनी माझी धाकटी बहीण अडली. दोन दिस कळा. सुईण म्हणली, मूल आडवं हाय, पलीकडच्या दवाखान्यात न्या. म्या पळत देशमुखाच्या दारात गेले, काहील मागितली.

“न्या की,” देशमुख म्हणला. “काठाला धरून.”

अडलेली बाई पवंल कशी, म्या इचारलं. पाया पडले. त्यानं तोंड फिरवलं.

माझ्या डोक्यात काय झालं सांगता येत न्हाय. भर दुपारी म्या काठावरची पालथी काहील सुलटी केली, पाण्यात लोटली, बहिणीला आत निजवलं आन् सोता बसले. जल्मात पयल्यांदा. हातात पयल्यांदाच वल्हं. काहील जाग्यावर फिरायला लागली. बहीण वरडत व्हती. जीव नुसता उडाला माझा. मग भोयाचं आठवलं. हात हलका केला. इकडं, तिकडं. नजर पलीकडं. निघाली काहील.

पलीकडं वाळूला लागली तवा बहीण गार झाली व्हती. मूल पोटातच.

तिला आत तशीच निजवून म्या माघारी वल्हवत आणली. बसून. समदं गाव काठावर जमलेलं.

देशमुख म्हणला, “बाटवलीस. राखेनं घासून दे काहील, आन् हितं नाक घास.”

“न्हाय घासत,” म्या म्हणलं. “ह्यात माझी बहीण मेली. खावा आता ह्यातला गूळ.”

मार लई खाल्ला. महारवाड्याला गावानं भाकर बंद केली. पण वल्हं म्या दिलं न्हाय, अजून माझ्या घरात हाय. आमच्या बायांना म्या वल्हवायला शिकवणार. भोयाचं समदं खरं, पण एक गोष्ट तो बोलला न्हाय, ती म्या पयली सांगणार. काठ सोडा. आत बसा.