आधी उंदीर, मग बाबा

नागपुरात माझी पीएचडी जखमेवर लावायच्या एका जेलवर चालली होती आणि गावी, सौंदडला, बाबांच्या पायाचा अंगठा त्या जेलची वाट बघत होता. जखम शुगरची. धानाच्या रोवणीच्या चिखलाने तिची चांगली बडदास्त ठेवलेली. जेल पेप्टाइडचं, म्हणजे प्रथिनांच्या बारीक तुकड्यांचं. ते लावलं की जखम लवकर भरते, असा माझा दावा. त्यावर माझ्या सरांपेक्षा बाबांचाच जास्त विश्वास.

अडचण एवढीच, की जखमेवर लावायचं तर जेल निर्जंतुक हवं. वाफेवर शिजवलं की बिघडतं आणि गाळणीतून जात नाही. उरले गॅमा किरण. पहिली खेप मोठ्या थाटात किरण केंद्रात पाठवली. परत आलं ते स्वच्छ पाणी. किरणांनी जंतूही तोडले आणि पेप्टाइडही. भेदभाव अजिबात केला नाही.

"जंतू मेले ना? मंग कायले रडून राहिली व?" बाबा फोनवर म्हणाले.

"बाबा, जेलही मेलं."

सरांनी मोलाचा सल्ला दिला, "विचार कर." केला. किरण पडले की जेलमधलं पाणीच पेप्टाइडच्या जिवावर उठतं, हे बऱ्याच महिन्यांनी डोक्यात शिरलं. मग त्या पाण्याला हलताच येऊ नये म्हणून दुसरी खेप कोरड्या बर्फात टणक गोठवून पाठवली. परत आल्यावर वितळू दिली, कुपी उलटी धरली. जेल जागचं हललं नाही. मी प्रयोगशाळेत एकटीच नाचले.

त्याच शनिवारी कोहमाऱ्याला एसटीतून उतरून घर गाठलं. बातमी ऐकताच बाबांनी पाय खाटेवर घेतला आणि पट्टी सोडायला लागले.

"बाबा, आधी उंदरांवर लावून बघतात."

"उंदरायले शुगर रायते का?"

"नाही. आम्ही सुई देऊन आणतो."

"म्हंजे रोगबी तुमीच देता अन् दवाईबी तुमीच? मंग मी इथं तयार बसलो त मले काऊन नाही?"

मी नियम समजावले. ते मला छान समजावता येतात. बाबांनी मुकाट्याने पट्टी परत बांधली आणि मला माझीच भयंकर लाज वाटली.

दिवाळीआधी डॉक्टरांनी बाबांचा अंगठा कापला. त्यानंतर काही दिवसांनी आमच्या उंदराची जखम पूर्ण भरली. सरांनी पेढे वाटले. संध्याकाळी मी बाबांना फोन करून सांगितलं.

"वा! मंग चालून राहिला ना तो चांगला?"

मी हो म्हणाले. भरलेली जखम सूक्ष्मदर्शकाखाली बघायची म्हणून त्याला आम्ही सकाळीच मारलं होतं.