कमरेला बांधलेला लाइट

नरसिंहपूरच्या घाटावर मालिकेचं शूटिंग होतं आणि मी गर्दीतला भाविक म्हणून उभा होतो. शेजारी, ओल्या पायरीवर, इंदापूरकडचा एक लाइटवाला एकटाच उंच स्टँड सांभाळत होता. वाऱ्यानं स्टँड डुलायचा, म्हणून त्यानं त्याची दोरी स्वतःच्याच कमरेला बांधली होती.

“जोडीला दुसरा कुणी न्हाय का?” मी विचारलं.

“मीच दुसरा हाय. पहिला ह्यांनी ठेवलाच न्हाय,” तो शांतपणे म्हणाला.

शॉट सुरू झाला, वारा आला आणि स्टँड नदीकडं कलला. त्याच्यामागं तोही घसरला. मी शॉटमधूनच धावत जाऊन त्याला कवळा घालून मागं ओढलं.

“शॉट घालवला,” वरून कुणीतरी ओरडलं.

त्यानं वर बघून हात जोडले. मग मला म्हणाला, “आता उद्या मला बोलावत्यात का न्हाय, कुणास ठाऊक.”

मी त्याला वाचवलं की त्याच्या पोटावर पाय दिला?